घाम आलेला बर्फ

ट्रान्सफॉर्मर जळाला सोमवारी दुपारी दोन वाजता. मंगळवारी लाइनमन मोटारसायकलवरून आला, खांबाखाली उभं राहून त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "तेल उकळून गेलंय. नवा यायला चार दिवस." चार म्हणताना त्यानं हाताची पाचही बोटं दाखवली, म्हणून गावानं आठवडा धरला.

उन्हाळा असा होता, की सकाळी नऊनंतर लोखंडी कडीला हात लागत नव्हता. गावात वीज उरली फक्त बर्फाच्या कारखान्यात, कारण तिथं डिझेलवर चालणारा जनरेटर होता. दूधवाले आले, मासेवाल्या आल्या, मोबाइल चार्ज करायला अर्धं गाव आलं. कारखाना म्हणजे पत्र्याखाली एक लांब टाकी. टाकीत मिठाचं पाणी, पाण्यात बुडवलेले लोखंडी साचे, साच्यांत बर्फाच्या लाद्या. मागे जाड भिंतींची एक थंड खोली. या सगळ्यावर मिस्त्री एकटा. छत्तीस वर्षं तो हेच करत होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना गार-गरम कळायचं कधीच बंद झालं होतं. मालक शहरात राहायचा. मिस्त्री कारखान्यामागच्या दोन खोल्यांत बायको, मुलगा आणि सुनेसह राहायचा. मुलगा बर्फाचा टेम्पो चालवायचा. सुनेला नववा महिना लागला होता.

मिस्त्रीचा हात सढळ होता. मासेवालीनं एक टोपली पुढे केली की तो वरून दोन घमेली फोडलेला बर्फ ओतायचा.

"मिस्त्री, पुरे करा," ती म्हणायची. "मासे पुन्हा पोहायला लागतील."

"बर्फ कमी पडला म्हणून माल गेलेला बघितलाय," मिस्त्री म्हणायचा. "जास्त झाला म्हणून गेलेला कधी ऐकलंय का?"

कुणीच ऐकलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दवाखान्यातली नर्सबाई आली. तीन खोल्यांचा दवाखाना, त्यात ती एकटी, पन्नाशीची, बुटकी, चालताना डावा पाय किंचित ओढणारी. खांद्याला निळी पेटी अडकवलेली होती.

"फ्रिज बंद पडून अठरा तास झाले," ती म्हणाली. "बाकीच्या लसी मोठ्या दवाखान्यात पाठवल्या. ही एवढी इथंच लागणार. कावीळ ब ची. बाळ जन्मलं की चोवीस तासांत द्यायची असते. या महिन्यात गावात चार बाळंतपणं आहेत, तुमच्या सुनेचं धरून. तिचं नाव मोठ्या दवाखान्यात आहे, पण अचानक इथंच झालं तर हाताशी हवी."

पेटीत सहा चिमुकल्या बाटल्या होत्या आणि चार बाजूंना पाणी भरलेले चपटे प्लास्टिकचे आइसपॅक.

"ठेवा की," मिस्त्री म्हणाला. "बर्फाच्या घरात आलात आणि बर्फ मागता?"

"ऐकून घ्या आधी. पॅकमधलं पाणी झालं की ते पुन्हा तुमच्या टाकीत गोठवायचे. पण काढल्याबरोबर पेटीत घालायचे नाहीत. बाहेर ठेवायचे. वर घाम सुटला पाहिजे आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. मगच आत."

"घाम येईपर्यंत? सिस्टर, बर्फाला घाम आला म्हणजे आमच्या धंद्यात नुकसान."

"माझ्या धंद्यात उलटं आहे. उन्हात ही लस चार दिवस तग धरेल एखादवेळेस. गोठली तर गेलीच. थंड ठेवायची, गोठवायची नाही. कळलं?"

"कळलं," मिस्त्री म्हणाला. शब्द कळले होते.

सुनेसाठी ही लस जरा जास्तच महत्त्वाची होती, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या महिन्यात तिच्या रक्तात कावीळ ब सापडली होती. तिला काही होत नव्हतं. डोळे पिवळे नव्हते, जेवण जात होतं. नर्सबाईनं घरी येऊन सांगितलं होतं, "हे ताटाला ताट लागून होत नाही. एका भांड्यातलं पाणी प्यायल्यानं होत नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकतं, ती खरी भीती. आणि एवढ्या लहान जिवाला लागलं तर दहातल्या नऊ जणांत ते जन्मभर घर करून राहतं. पुढे यकृत खातं. वेळेवर लस मिळाली तर बहुतेक पोरं वाचतात."

यकृत खाणं म्हणजे काय हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं. त्याचा मोठा भाऊ पोटात पाणी होऊन गेला होता. शेवटी पोट असं तटतटलं होतं, की सदऱ्याची बटणं लागत नव्हती.

त्या दिवशी नर्सबाई गेल्यावर मिस्त्रीच्या बायकोनं सुनेच्या पेल्याला लाल दोरा बांधला आणि तो माठापासून लांब, खिडकीत ठेवला. सुनेनं बघितलं. मुलानं बघितलं. मिस्त्रीनंही बघितलं, आणि तो कारखान्यात गेला.

बुधवारी दुपारी लाद्या उचलायला येणारा हमाल आला नाही. मासेवाल्यांची रांग दारापर्यंत, दूधवाल्यांचे कॅन उन्हात, जनरेटर मध्येच धाप लागल्यासारखा खोकत होता. मिस्त्री टोच्यानं लाद्या फोडत होता. घाम डोळ्यांत जात होता. तीन वाजता त्याला पेटी आठवली. उघडली तर पॅकचं निव्वळ पाणी झालेलं. बाटली हातात घेतली. ती किती गार आहे ते त्याच्या बोटांना कळेना. गालाला लावून बघितली. कोमट वाटली.

सुनेची लस यातच होती.

टाकीतून त्यानं नर्सबाईनं जादा दिलेले, आधीच गोठवलेले पॅक काढले. पांढरेफटक, वर मिठाची साय धरलेले. ते खिडकीत ठेवून घामाची वाट बघायची, या उन्हात, हातातली कामं सोडून, हे त्याच्या छत्तीस वर्षांत बसत नव्हतं. पुसून त्यानं ते तसेच पेटीत बसवले. बाटल्या मध्ये. मग पेटीच थंड खोलीत नेली, दोन लाद्यांच्या फटीत सरकवली, वर भुसा आणि गोणपाट टाकलं.

"आता चार दिवस बघायला नको," तो स्वतःशीच म्हणाला, आणि रांगेकडे परत गेला.

गुरुवारी सकाळी सहा वाजता त्यानं पेटी काढली. बाटल्यांमधलं पांढरं औषध दगड झालं होतं. एक बाटली हलवली. आतून आवाज आला नाही.

थंड ठेवायची, गोठवायची नाही. वाक्य जसंच्या तसं आठवलं.

त्यानं बाटल्या मुठीत धरल्या, तीन इकडे, तीन तिकडे. मग बंडीत हात घालून काखेत धरल्या. पंधरा-वीस मिनिटांत पाणी झालं. त्यानं एक टेबलावर ठेवली. वर नितळ पाणी राहिलं आणि तळाशी पिठासारखं काहीतरी बसलं. त्यानं ती उचलून जोरात हलवली. पांढरी झाली, पहिल्यासारखी. बर्फ वितळला की पुन्हा पाणीच होतं, त्यानं मनाला सांगितलं. गोठायच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी यात आजवर कुणाला फरक दिसला होता? पॅक बाहेर काढून त्यानं घाम येऊ दिला, बाटल्या परत आत ठेवल्या, झाकण लावलं.

आठ वाजता नर्सबाई आली. गवंड्याच्या घरी पहाटे मुलगी झाली होती. तिनं एक बाटली घेतली, तळहातात धरली, हलवली.

"छान गार आहे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही घाई कराल. नाही, चांगली ठेवलीत."

मिस्त्रीनं तोंड उघडलं. दारात दूधवाला ओरडत होता. नर्सबाई पाय ओढत निघून गेली.

सुनेचे अजून बारा दिवस बाकी होते आणि मोठ्या दवाखान्यात नाव घातलेलं होतं. पण शुक्रवारी सकाळी आठला तिचं पाणी गेलं. नर्सबाईनं तपासलं आणि म्हणाली, "मोठा दवाखाना छत्तीस किलोमीटर. रस्त्यातच होईल. इथंच करू." मुलगा बर्फ पोचवायला गेलेला. मिस्त्री आणि त्याची बायको दवाखान्याच्या ओट्यावर बसली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगा झाला. दोन किलो सातशे. नर्सबाईनं वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत लिहिली.

पावणेबाराला तिनं हाक मारली. "मिस्त्री, पेटी आणलीत ना? या आत. सासूबाई कपडे धुतायत, हिच्यात ताकद नाही. पाय धरा जरा बाळाचा. हात चोळून गरम करून घ्या आधी."

त्यानं हात चोळले. बाळाची मांडी त्याच्या दोन बोटांएवढी होती. सुई भरताना नर्सबाईनं बाटली हलवली आणि लगेच औषध ओढून घेतलं. मिस्त्री बाटलीकडे बघत होता. आता बोललो तर? चोवीस तास हातात होते. पण नर्सबाई काय म्हणेल, सून पडल्या पडल्या ऐकेल, बाहेर बायको ऐकेल, आणि गवंड्याच्या मुलीचं काय? तिला तर टोचून झालं होतं. एक सांगायचं म्हणजे दोन्ही सांगायचं.

"हलू देऊ नका," नर्सबाई म्हणाली.

त्यानं पाय घट्ट धरला. सुई गेली. बाळ रडलं. सून उशीवरून बघत होती, आणि सासऱ्याकडे बघून थकलेली हसली.

"सुटलो एका काळजीतून, मामा," ती म्हणाली.

नर्सबाई अर्धा तास तिथंच स्टुलावर बसून राहिली. संध्याकाळी तिनं बाळ-बाळंतिणीला घरी जाऊ दिलं. दवाखान्यात पंखा नव्हता; निदान घरी जनरेटरच्या वायरीवर एक फिरत होता.

घरी आल्यावर मिस्त्रीच्या बायकोनं दुपटं सोडलं. मांडीवर सुईभोवती आठ आण्याएवढी लाली होती, हात लावला की ऊन लागत होती. बाळ कुरकुरत होतं.

"अंग तापलंय," ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी? जन्मल्या जन्मल्या टोचतात का कुणाला?"

मुलगा तडक नर्सबाईला घेऊन आला. घरापर्यंत येताना तो काय काय बोलला असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, हात धुतले, थर्मामीटर लावला, बाळ आईला पाजायला दिलं आणि बघत राहिली.

"निन्याण्णव," ती म्हणाली. "दूध ओढतंय चांगलं. सुईच्या जागी लाल होणं, थोडं सुजणं, कुरकुर, अंग जरा कोमट, हे एक-दोन दिवस चालतं. काही लावायचं नाही, शेकायचं नाही. शंभराच्या वर गेला, दूध सोडलं, किंवा नुसतं झोपून राहायला लागलं, तर मला बोलवा, वेळ बघू नका."

"आणि काही भलतंच झालं तर?" मुलगा म्हणाला. "जबाबदारी कुणाची? तुम्ही तर बदली घेऊन जाल."

"मोठी ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते. होते तेव्हा टोचल्यावर थोड्या वेळातच कळते. म्हणून मी अर्धा तास बसले होते."

"दहा लाखांत एक म्हणे," मिस्त्रीची बायको म्हणाली. "तो एक आमचा असला म्हणजे? स्वतःच्या पोराला टोचलं असतं का असं?"

"दोघांना टोचलंय. मीच."

"मग शिकून घेतलं असेल त्यांच्यावर. आमच्यावर तरी नीट टोचायचं."

नर्सबाईनं थर्मामीटर कापसानं पुसून नळीत घातला. मिस्त्री दाराशी उभा होता. लाली सुईची नाही, माझी आहे, असं त्याच्या मनात पक्कं झालं होतं. एक वाक्य बोललं असतं तर त्या बाईची सुटका झाली असती. नर्सबाईनं चप्पल घातली तेव्हा त्यानं फक्त तिची पिशवी उचलून दिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "जड नाही."

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. बाळ तीनदा उठलं, तीनदा प्यायलं. शनिवारी पहाटे साडेपाचला मिस्त्री दवाखान्यामागे गेला. नर्सबाई हापशावर बादली भरत होती. त्याला बघून तिनं दांडा सोडला.

"ताप चढला?"

"नाही. बाळ बरं आहे." त्यानं दांडा हातात घेतला आणि हापसायला लागला. बादली भरून वाहू लागली तरी तो थांबेना. "सिस्टर, एक विचारायचं होतं. समजा एखाद्यानं गोठलेली लस दिली. वितळवून. तर काय होतं?"

पाणी नर्सबाईच्या पायांवरून वाहत होतं.

"दांडा सोडा," ती म्हणाली. त्यानं सोडला. "कधी गोठली?"

"बुधवारी. गुरुवारी सकाळी दगड झाली होती. पॅक तसेच घातले. वर लाद्यांमध्ये ठेवली. मला वाटलं, उन्हाळा आहे, जास्त बरं."

"गुरुवारी मी विचारलं नाही. पण छान ठेवलीत म्हटलं. तेव्हा?"

त्यानं भरलेली बादली बाजूला सरकवली.

"काल पाय धरलात तेव्हा?"

"माहीत होतं."

तिनं पदरानं हात पुसले, पुसून झाले तरी पुसत राहिली.

"त्यानंच पाय सुजला ना?" मिस्त्री म्हणाला. "विष झालं का त्याचं?"

"पाय सोडा. गोठलेल्या लसीनं कधीकधी जरा जास्त सुजतं, बरं होतं. चांगल्या लसीनंही इतकं होतंच. प्रश्न पायाचा नाही, मिस्त्री. विष नाही झालं. पाणी झालं. त्या पोराला काल मी पाणी टोचलं. लस अजून मिळालेलीच नाही."

आत जाऊन तिनं वही बघितली. अकरा दहा. भिंतीवर सहाला पाच कमी होते.

"पाच तास," ती म्हणाली. "टेम्पो काढायला सांगा. मोठ्या दवाखान्याचं भांडार आठला उघडतं. मी फोन करून ठेवते. आईची लागण असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन देतात, रोगाशी लढायची तयार ताकद असलेलं. ते मी कालच मागवलं होतं, आज दुपारच्या गाडीनं यायचं होतं. तेही घेऊन या. आणि ही पेटी घ्या."

मिस्त्री मुलाला उठवून परत आला तेव्हा टेबलावर एक बाटली उभी होती. तिनं ती हलवून ठेवली होती.

"बघत बसा," ती म्हणाली, आणि फोन लावायला आत गेली.

तो बघत बसला. चार-पाच मिनिटांत वरचं पाणी नितळ होत आलं. पांढरं कणाकणानं खाली उतरलं आणि तळाशी बसलं. हे त्यानं गुरुवारी बघितलं होतं, आणि उचलून हलवलं होतं. आज हात लावला नाही.

टेम्पोत मुलानं विचारलं, "काय झालंय काय? कालची कमी पडली का?"

मिस्त्रीनं रिकामी पेटी मांडीवर धरली होती. सांगितलं. मुलानं टेम्पो कडेला घेतला, इंजिन चालूच ठेवून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला.

"काल मी त्या बाईंना काय काय बोललो, माहीत आहे?" तो म्हणाला. "रस्त्यानं येताना? दाईसुद्धा तुमच्यापेक्षा बरी, म्हटलं. आणि तुम्ही दारात उभे होतात."

"चल," मिस्त्री म्हणाला. "वेळ जातोय."

"आता आठवली वेळ."

पुढचे तीस किलोमीटर मुलानं टेम्पो दामटला.

भांडारवाला सव्वाआठला आला. किल्ली शोधायला दहा मिनिटं, सही करणाऱ्या डॉक्टरला शोधायला तास. साडेनऊ वाजले. लसीच्या दोन बाटल्या, त्यातली एक गवंड्याच्या मुलीसाठी, आणि दुसऱ्या इंजेक्शनची एक टेबलावर आल्या. भांडारवाल्यानं पेटी उघडली आणि हसला. "बर्फाच्या कारखान्यातून आलात आणि बर्फाशिवाय? उपाशी हलवाई." त्यानं मोठ्या फ्रीझरमधून चार पॅक काढले, पांढरे, धूर निघणारे, आणि पेटीत कोंबायला लागला.

मिस्त्रीनं त्याचा हात धरला.

"घाम येऊ द्या," तो म्हणाला.

"कुणाला?"

"पॅकला. टेबलावर ठेवा."

"अहो, सिस्टरनं फोनवर सांगितलंय, घाई आहे म्हणून. थोडंसं चालतं."

"नाही चालत."

चारही पॅक टेबलावर ओळीनं मांडले गेले. मुलगा दारात उभा राहून घड्याळ बघत होता. "बाबा, नऊ छत्तीस." मिस्त्री पॅकसमोर उभा. छत्तीस वर्षं त्यानं बर्फ वितळू नये म्हणून धडपड केली होती. भुसा, गोणपाट, जाड भिंती, सगळं त्यासाठी. आता तो वितळावा म्हणून तो त्याच्याकडे टक लावून होता. पांढरी साय हळूहळू ओली झाली. पॅक उलटा करून त्यानं दुसरी बाजू वर केली. "नऊ पंचेचाळीस." पहिला थेंब कडेला जमला. त्यानं पॅक कानाशी नेऊन हलवला. मुका. परत ठेवला. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपला, कारण उजव्याची साक्ष चालणार नव्हती.

"बाबा."

"थांब."

नऊ बावन्नला पॅकच्या आत पाणी खळखळलं. चारही पॅक एकेक करून त्यानं कानाशी हलवले, पुसले, मग पेटीत बसवले. बाटल्या कापडात गुंडाळून मध्ये ठेवल्या.

"वीस मिनिटं घालवलीत," भांडारवाला म्हणाला.

"दोन दिवस घालवलेत," मिस्त्री म्हणाला, आणि पळत सुटला.

परत यायला पन्नास मिनिटं लागली. नर्सबाई आधीच घरी येऊन बसली होती. मिस्त्रीची बायको तिच्याशी बोलत नव्हती. पुन्हा टोचायचं आहे एवढंच तिला सांगितलं होतं, आणि तेवढं पुरे होतं. मिस्त्रीच्या घशाला कोरड पडली होती. खिडकीतला हाताशी आलेला पेला त्यानं माठात बुडवला आणि उभ्यानं प्यायला.

"अहो, तो तिचा आहे," बायको म्हणाली. "दोरा दिसत नाही का?"

"दिसतोय," तो म्हणाला, आणि पेला माठावर ठेवला.

सून भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. नर्सबाईनं पेटी उघडली, बाटली उजेडात धरली, हलवली, टेबलावर ठेवली आणि थोडा वेळ बघितली. ढगाळ ती ढगाळच राहिली. मग तिनं सुई भरली. दहा चौपन्न.

"पाय धरा कुणीतरी," ती म्हणाली.

मिस्त्रीनं सवयीनं हात चोळले.

"कालची फुकट गेली का सिस्टर?" सुनेनं विचारलं. "कशामुळे?"

नर्सबाई सुईकडे बघत राहिली. ते उत्तर तिचं नव्हतं.

"गोठली होती," मिस्त्री म्हणाला. "माझ्या हातून. बुधवारी."

"सिस्टरना माहीत नव्हतं?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं, मामा?"

खोलीत पंखा फिरत होता. मुलगा दारात होता, बायको माठापाशी.

"गुरुवारी."

सुनेनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. गुरुवार, शुक्रवार.

"काल तुम्हीच पाय धरला होता," ती म्हणाली.

"हो."

ती पुढे झाली, दुपटं बाजूला सारलं आणि बाळाचा पाय स्वतःच्या हातात घेतला. "मी धरते," ती म्हणाली. "टोचा, सिस्टर."

लस उजव्या मांडीत गेली, कालच्या लालीपासून दोन बोटं लांब. दुसरं इंजेक्शन डाव्या. बाळ रडून लाल झालं. सुनेचे हात हलले नाहीत. मिस्त्री चोळलेले हात तसेच समोर धरून उभा होता. ते कुठं ठेवावेत त्याला कळत नव्हतं.

"आता वाचला ना?" मिस्त्रीच्या बायकोनं विचारलं. नर्सबाईशी ती कालपासून पहिल्यांदा नीट बोलत होती.

"बहुतेक," नर्सबाई म्हणाली. "काल सकाळी दोन्ही मिळाली असती तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं. दीड महिन्यानं पुढची लस, मग ठरलेल्या वेळी बाकीच्या, एकही चुकवायची नाही. नऊ महिने झाले की याचं रक्त तपासू. तेव्हा कळेल."

"नऊ महिने," सून म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. पाठ फिरवून ती बाळाला पाजायला बसली.

अर्धा तास नर्सबाई कालच्यासारखीच बसून राहिली. मुलानं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "असू दे. घाबरलेला माणूस बोलतोच." मग ती उठली. "आता गवंड्याकडे जायचंय. त्या मुलीच्या आईला लागण नाही, तेवढं नशीब. पण मुलीला पुन्हा द्यावी लागेल. का द्यायची, ते त्यांना सांगावं लागेल."

"मी येतो," मिस्त्री म्हणाला.

"मी सांगेन. माझ्या ताब्यातली पेटी होती."

त्यानं पेटी उचलून खांद्याला लावली.

गवंड्याचं घर गावाच्या टोकाला, अर्धवट बांधलेलं. ऊन डोक्यावर होतं. नर्सबाई पाय ओढत पुढे, मिस्त्री मागे. पेटीत पाऊलागणिक पाणी खळखळत होतं. दार गवंड्याच्या आईनं उघडलं. नातीला कुशीत घेतलेली, चेहरा खुललेला.

"या या सिस्टर. आणि मिस्त्री तुम्ही? बर्फ नाही मागवला आम्ही."

नर्सबाईनं श्वास घेतला. तेवढ्यात मिस्त्री पुढे झाला.

"आजी, बर्फाचंच सांगायला आलोय," तो म्हणाला.